गिअरचा प्रोग्रॅम

“नाथा, ह्या निवृत्तीने लिहिलेला प्रोग्रॅम समजतो का तुम्हाला?” साहेबांनी छापील कागदांची चळत टेबलावर टाकली.

नाथाने दोन पानं उलटल्यासारखं केलं. “नाही बुवा, साहेब. त्याचं त्यालाच कळतं.”

शेजारी उभ्या निवृत्तीला खरं तर हायसं वाटायला हवं होतं. साल सत्त्याऐंशी. अंबडच्या त्या कारखान्यात नवा कॉम्प्युटर आला होता आणि त्याला एकच माणूस पुरणार होता. स्टोअरचं काम रोजचं आणि ते कोबॉल या कॉम्प्युटरच्या भाषेत, म्हणून कोबॉलवाला नाथा राहणारच होता. गिअरचे प्रोग्रॅम मात्र फोरट्रान या दुसऱ्या भाषेत. ते नाथाला वाचता आले, तर निवृत्तीची रवानगी गेटवरच्या टाइम ऑफिसात, हजेरीची कार्डं बघायला.

पंधरा वर्षं दोघं एका खोलीत बसून एकमेकांच्या भाषेला नावं ठेवत आले होते. “तुझं कोबॉल म्हणजे नुसतं पाल्हाळ,” निवृत्ती म्हणायचा. “आन् तुझं? तीनशेचाळीस नंबरच्या ओळीवर जा, तिथून नव्वदवर ये. जत्रेत चुकल्यागत होतं!” नाथाचं उत्तर तयार असे. आणि ते खरंही होतं. एकदा निवृत्ती तापाने पडला, तेव्हा नाथाने चार दिवस डोकं फोडलं आणि शेवटी त्याच्या घराकडे सायकल हाणली.

पण भाषांनाही शेजाऱ्याचा गुण लागतो. फोरट्रानच्या नव्या आवृत्तीत दुसऱ्या भाषांतलं ‘इफ-देन-एल्स’ आलं, म्हणजे ‘असं असेल तर हे, नाहीतर ते’. कोबॉलनेही अशी अट जिथं संपते तिथं लिहायचं ‘एंड-इफ’ उचललं. “ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या,” नाथा हसला होता, “वाण नाही पण गुण लागला!” निवृत्तीने सहा महिने खपून जुने प्रोग्रॅम नव्या रीतीने लिहून काढले. उड्या गेल्या, वरून खाली सरळ वाचता येऊ लागलं. कौतुकाने तो पान न् पान नाथाला दाखवत सुटला. आपण आपलीच गरज संपवतोय, हे त्या शहाण्याच्या ध्यानातही आलं नाही.

“पंधरा वर्षांच्या सोबत्याला समजत नाही?” साहेब वैतागले. “मग काय कामाचं हे? नुसता गिचमिडा!”

निवृत्तीच्या ते जिव्हारी लागलं. नाथाने डोळ्यांनी खुणावलं, गप्प राहा. घरी बायकोला, चांगुणाला काय सांगायचं, तेही मनात येऊन गेलं.

“खोटं बोलतोय तो, साहेब. त्याला समजतं.”

“निवृत्ती, अरे...”

“वाच, नाथा. मोठ्यानं वाच.”

नाथा वाचू लागला. आधी मुद्दाम अडखळत, मग सरळ. गिअरचे दाते वीसहून कमी असतील तर काय, नाहीतर काय. सहा पानं. निवृत्ती मान खाली घालून ऐकत होता. त्याला फार वाईट वाटत होतं. शेवटच्या ओळीपर्यंत त्याला नाथाला एकदाही दुरुस्त करावं लागलं नाही.