कोंबड्यांच्या जाळीची छत्री

साडेचार वाजले होते आणि शामरावांच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. एरवी हेच शामराव! बोलायला लागले की अख्ख्या मोहल्ल्याचा चहा थंड व्हायचा. आज मात्र नुसते चष्मा पुसत बसले होते.

समोर नात रुचिता, मांडीवर लॅपटॉप. पोरगी बंगळुरूला उपग्रहाच्या कामावर होती. मागल्या महिन्यात रॉकेट समुद्रात पडलं आणि तिची तीन वर्षांची मेहनत त्याच्यासोबत बुडाली. रायपूरला आली ती मनाशी ठरवूनच. राजीनामा लिहून तयार होता. तो पाचच्या आत गेला नाही, तर परदेशात तिच्यासाठी राखून ठेवलेली नोकरी दुसऱ्या कुणाला मिळणार होती.

"काहून सोडून राहिली, पोट्टी?" शेवटी त्यांनी विचारलं.

"आजोबा, आप ही तो कहते थे. वो जमाना गया."

झालं! म्हाताऱ्याचंच वाक्य म्हाताऱ्यावर उलटलं.

तिच्या लहानपणापासून शामराव एकच गोष्ट सांगत आले होते. पंचाहत्तर साली, सरकारी नोकरीत असताना, अभनपूरकडल्या एका गावात त्यांनी कोंबड्यांच्या जाळीची भलीमोठी छत्री उभारली, उपग्रहावरून टीव्ही दाखवायला. गावाने पहिल्यांदा चित्र पाहिलं. एका म्हातारीने तर पडद्याला हात जोडले. आणि शेवट ठरलेला: "तशी माणसं नाही राहिली आता. सोन्याचा काळ होता तो, गेला."

स्वयंपाकघराच्या दारातून मीराबाई नवऱ्याकडे अशा काही बघत होत्या की शामरावांना घाम फुटला. पावणेपाच.

"तुम्ही सांगता का मी सांगू?" मीराबाई म्हणाल्या.

"थांब न वो!" शामराव खेकसले. मग नातीकडे वळले. "रुचिता, ते चित्र मी पाह्यलंच नाही."

"मतलब?"

"तीन दिवस सेट लागला नाही. लोकं हसले. पोट्टे छत्रीले दगडं मारत. मले अशी लाज वाटली, चौथ्या दिवशी सकाळीच राजीनामा टाकला अन् पळून आलो. मग रेल्वेत चिकटलो. त्याच संध्याकाळी दुसऱ्या कोणी छत्री हातभर फिरवली, अन् चित्र आलं."

"फिर ये सब आपको किसने बताया?"

"हिनं. हिचं गाव होय ते. लग्न झाल्यावर सांगितलं, अन् मी माझं म्हणून सांगत गेलो."

रुचिता आजीकडे बघतच राहिली. इतकी वर्षं ही बाई गप्प बसली!

"तो वो जमाना..."

"जमाना कुठं गेला, बाई. मीच निघून गेलो होतो." शामरावांची मान वर होईना.

"और रॉकेट फिर से गिरा तो?"

"पडन तर पडन. तवा रडजो, मले फोन करजो. पण तिथंच राहजो."

रुचिताचं बोट राजीनामा पाठवायच्या बटणावर होतं. शामराव भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते, आणि एकेक मिनिट छातीवर पाय देऊन जात होतं. पाच वाजले. पाच वाजून दोन मिनिटं झाली. तिने लॅपटॉप मिटला आणि डोळे पुसले.

"आजी," ती चक्क मराठीत म्हणाली, "चित्र आलं तेव्हा तू कुठं बसली होती?"

"सगळ्यात पुढं." मीराबाईंनी खुर्ची ओढली. "अन् हात जोडणारी ती म्हातारी माझी आजी होती. तिचं नाव तरी कधी घेतलं का यायनं?"