हवेची उशी

आमचे थोरले दीर, हर्षद भावजी, मुंबईहून हवेची उशी घेऊन आले तेव्हाच मला किळस आली. फुंकून फुगवायची, गळ्यात अडकवायची आणि मान टाकून खुशाल घोरायचं. निळी मखमल आणि बाजूला प्लास्टिकची बारकी नळी. ती नळी ते तोंडात धरायचे, गाल फुगवायचे, मग तिच्यावरची लाळ रुमालाने पुसून तोच रुमाल कपाळावर फिरवायचे. आत्यांनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, कौतुकाने उशीला नुसतं बोट लावलं तर खेकसले, "हात नको लावू, आई. मिश्रीचे हात तुझे. वास बसतो त्याला."

सख्ख्या आईला असं बोलतं का कोणी? आत्या मात्र हसल्या आणि हात लुगड्याला पुसून बसल्या.

आत्यांना दमा होता. महाडच्या डॉक्टरांकडे एक नळी होती. तिच्यात जोरात फुंकलं की काटा सरकायचा. काटा पुरेसा वर गेला तर औषधं घेऊन इथे गावी, कुडपणातच राहायचं, नाहीतर म्हशी विकून मुंबईला यायचं, असं भावजींनी परस्पर ठरवून टाकलं होतं. आईची काळजी हे सगळं तोंडदेखलं. जाऊबाईंना नोकरी लागली होती आणि पोरं सांभाळायला घरात माणूस हवं होतं. आत्यांना जायचं नव्हतं. पण मुलाला नाही म्हणायला त्यांची जीभ रेटत नव्हती, सगळी भिस्त त्या काट्यावर. म्हणून मी आठवडाभर त्यांना चुलीजवळ फिरकू दिलं नव्हतं. फुंकणीसुद्धा लपवून ठेवली होती. दम साठवा, आत्या, असं मी येता-जाता बजावायचे.

तपासणीसाठी महाडला निघालो, तेव्हा सकाळच्या जीपमध्ये भावजी खिडकीशी बसले. दम्याच्या बाईला खिडकी द्यावी एवढीही अक्कल नाही. मध्ये आत्या, त्यांच्या पलीकडे मी. आंबेनळी घाटाची वळणं सुरू झाली तशी मला मळमळायला लागलं. ते वळणांनी की भावजींकडे बघून, देव जाणे. तोंड उघडं, घोरणं चालू आणि मखमलीवर ओला डाग पसरत चाललेला. उशीची हवा मात्र कुठूनतरी जात होती. पोलादपूरच्या अलीकडे ती पार चेपली आणि भावजींची मान लोंबायला लागली. मला बरं वाटलं. लचकू दे, म्हटलं.

आत्या हळूच वाकल्या. भावजींच्या खांद्याजवळची नळी त्यांनी ओठांत धरली आणि चूल फुंकावी तशी फुंकर घातली.

"आत्या, काय करता ह्ये? सोडा ती!"

"गप गो माधुरी, उठंल तो. रातभर यष्टीत बसून आलाय."

"मग मी फुंकते. तुमचा दम जाईल."

"तू? दिराच्या गळ्याशी तोंड नेशील? लोक काय म्हनतील?"

खरंच होतं. थोरल्या दिरासमोर डोक्यावरचा पदर न ढळू देणारी मी, आणि जीपभर आमच्याच वाडीची माणसं. माझ्या त्या पदराची मला त्या दिवशी शिसारी आली. आत्या फुंकत राहिल्या. उशी पुन्हा सैल पडली की पुन्हा फुंकायच्या. छातीतून शिट्टी वाजायला लागली तरी थांबेनात. भावजींची मान वर आली, घोरणं सुधारलं.

महाडला उतरताना त्यांनी हातपाय ताणले. "काय झोप लागली! उशी असावी तर अशी."

दवाखान्यात डॉक्टरांनी आत्यांच्या हातात नळी दिली. आत्यांनी फुंकलं. काटा जेमतेम हलला. पुन्हा फुंकलं आणि खोकल्याची उबळ आली.

"मागच्या वेळी तर बरा होता," डॉक्टर म्हणाले.

"मी म्हणतच होतो," भावजी म्हणाले. "आई, आता हट्ट नको. बाडबिस्तरा आवर."

माझा संताप संताप झाला. पदर गेला चुलीत, म्हटलं. "कसला हट्ट? त्यांचा दम तुमच्या उशीत गेलाय, भावजी. तुमची झोपमोड नको म्हणून महाडपर्यंत त्याच फुंकत होत्या!"

मला वाटलं होतं, आता तरी शरमेने मान खाली जाईल. भावजींनी मानेला हात लावला. मग उशी नाकाशी नेली.

"शी! हिने तोंड लावलं? मिश्रीचं?"

आणि उशी बाकावर फेकून ते कोपऱ्यातल्या बेसिनकडे धावले. साबण घेऊन मान, गाल, कान खसाखसा धुवायला लागले. डॉक्टर टेबलाकडे बघत राहिले. आत्या मुलाकडे बघत होत्या. हसल्या नाहीत.

"डाक्टर," त्या धापा टाकत म्हणाल्या, "काटा ऱ्हाऊ दे तितंच. औशद द्या. मी मुंबैला जायची नाय."

नळाच्या आवाजात भावजींना ते ऐकू गेलं नाही. आत्यांनी दम घेतला आणि पुन्हा सांगितलं, मोठ्याने.