मांडीवरची गिटार

जगनदादा आठवला की आधी त्याच्या अंगणातला हिवाळ्याचा प्रकाश दिसतो: बांबूच्या वलांडीवर वाळत टांगलेल्या बोंबलांतून गाळून आलेला, पातळ आणि किंचित खारट. डहाणूजवळच्या आगर गावात दादा पहाटे बोटीवर जाई आणि लग्नसराईत ऑर्केस्ट्रात गिटार वाजवी. त्या ऑर्केस्ट्राच्या फलकावर ‘आंतरराष्ट्रीय’ असा शब्द होता. तलासरीपुढे गुजरातची हद्द ते खरोखरच ओलांडत. तेवढ्यावर राष्ट्रांनी समाधान मानावे.

त्याच्या भिंतीवर तीन गिटारी होत्या, तिन्ही दुसऱ्यांनी वापरून सोडलेल्या. पहिलीचे पोट व्हायोलिनसारखे फुगीर, त्यावर आवाज बाहेर पडायला कोरलेल्या दोन नागमोडी चिरा; आवाज कोरडा, नेमका, झटकन संपणारा, ढोलकीच्या गर्दीतूनही वाट काढणारा. दुसरी रुंद आणि सपाट छातीची. तिचा खर्ज खोलीभर पसरे आणि तार सोडल्यावरही रेंगाळे, निरोप घेऊन उंबऱ्यातच बोलत उभ्या राहणाऱ्या पाहुण्यासारखा. तिसरी बारीक कमरेची, सर्वांत जुनी. दमट हवेने तिची मान वाकली होती आणि तारा इतक्या वर उचलल्या गेल्या होत्या की दाबताना बोटे सोलून निघत. ती कुणी वाजवत नसे. दादा तिला पुसून मात्र ठेवी.

२०१६ सालच्या पावसाळ्यानंतर बोटीवर जाळे ओढणाऱ्या विंचमध्ये त्याचा डावा हात सापडला. जखमा भरल्या, पण मधली दोन बोटे वळेनात. शपथ घेतल्यासारखी ताठ राहिली. दिवाळी गेली, लग्ने लागू लागली, आणि त्या घरातली संध्याकाळ प्रथमच नुसती संध्याकाळ राहिली. वाजवता येईना, म्हणून दादा भिंतीकडे बघत बसे.

“भिंत बघून पोट भरतं यांचं,” असे म्हणत त्याच्या बायकोने, कमळवहिनीने, शेवटी तलासरीचा एक हॉटेलवाला बोलावला. हायवेवरच्या आपल्या हॉटेलात त्याला शोभेसाठी जुनी वाद्ये टांगायची होती. गॉगल कपाळावर चढवून तो म्हणाला, “काका, आ तो व्हिंटेज छे!”

“म्हणजे जुनंच ना?” वहिनी म्हणाली. “मग यांना पण न्या. टांगा काउंटरच्या वर.”

दादा हसला. दोन गिटारी गाडीत गेल्या. हॉटेलवाल्याने तिसरीला हात घातला, तेव्हा मात्र दादा म्हणाला, “थांब जरा.”

त्याने ती मांडीवर आडवी घेतली. पूर्वी ऑर्केस्ट्रात एक म्हातारा अशीच आडवी गिटार घेऊन, तारा न दाबता, त्यांवरून पोलादाचा तुकडा सरकवत वाजवी. दादाने खिशातून बोटीच्या इंजिनाची जुनी, गुळगुळीत पिस्टन-पिन काढली. म्हणजे भिंतीकडे बघणे अगदीच वाया गेले नव्हते.

पहिला सूर किंचाळला.

“मांजर दाबलं का काय?” बोंबील उलटता उलटता वहिनी म्हणाली.

दुसऱ्यांदा डाव्या हाताच्या अंगठ्यात आणि तर्जनीत धरलेली पिन सावकाश सरकली. उंच तारांमुळे ती खाली कुठे आदळली नाही, आणि ताठ बोटे तिच्यामागे तारांवर पसरून नको तो गलका आपोआप शांत करत गेली. वाकलेली मान आणि न वाकणारी बोटे यांचे कसे कोण जाणे जुळले होते. सूर वर चढला, जरा थरथरला, आणि जिथे जायचे तिथे पोचला. वहिनीचे हात थांबले. हॉटेलवाल्याकडे न पाहताच ती म्हणाली, “ही नाय जायाची.”

त्यानंतरची दोन-तीन वर्षे मी ती गिटार ऐकली. जुनी गाणी दादाला तशी पुन्हा सापडली नाहीत. जलद जागा निसटत, आणि तो त्यांच्यासाठी थांबत नसे. गिटारीच्या मानेवरच्या धातूच्या पट्ट्या, जिथे पूर्वी त्याची बोटे सूर घट्ट धरून ठेवत, त्या अजून जागच्या जागी होत्या. आता पिन त्यांना न शिवता वरून जाई आणि दादा त्यांच्याकडे फक्त खुणेपुरते पाही. गेलेल्या दिवसांचाही आपल्याला बहुधा एवढाच उपयोग असतो: ते धरता येत नाहीत, पण सूर कुठे होता ते सांगतात.