कूलंट जातं कुठं

गजेंद्रच्या गाडीतलं कूलंट कमी होत होतं आणि जमिनीवर मात्र एक थेंब सांडत नव्हता. सुरतच्या डिंडोलीतल्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये तो रोज सकाळी बॉनेट उघडायचा, इंजिनाशेजारच्या टाकीतली पातळी बघायचा, मग वाकून गाडीखाली नजर टाकायचा. खाली पुठ्ठा अंथरलेला असायचा. पुठ्ठा कोरडा, आणि टाकीतली पातळी कालच्यापेक्षा खाली.

गाडी जुनी, डिझेलची, दुसऱ्याची वापरलेली. गजेंद्र पलसाण्याच्या एका डाइंग मिलमध्ये रंग जुळवायच्या लॅबला होता. मिलला जायला त्याची मोटरसायकल पुरायची. गाडी घेतली ती गावासाठी. त्याचे वडील धुडकू, ज्यांना घरात सगळे आबा म्हणत, उभी हयात सुरतेत लूम चालवून, कानांनी जवळजवळ बहिरे होऊन साक्रीजवळच्या आपल्या गावी परत गेले होते. आई मालतीबाई त्यांच्यासोबत. "आबांना काही झालं तर काय एसटीची वाट बघत बसायचं?" असं तो बायकोला, जयश्रीला, म्हणायचा.

नवागामच्या मगनचं गॅरेज त्याच्या माहितीतलं. दोघं एका शाळेत शिकलेले. मगननं आधी टाकीचं झाकण बदललं, मग एक होज, मग वॉटर पंप. सिस्टीममध्ये हवा भरून बघितली. दाबाचा काटा जागचा हलला नाही.

"लीक नाहीये, गजुभाई," मगन म्हणाला.

"मग कूलंट जातं कुठं?"

"थोडंफार जातं जुन्या गाडीत. लांब जाशील तेव्हा पाण्याच्या बाटल्या सोबत ठेव. चालव बिनधास्त."

त्या बोलण्यावर गजेंद्रनं गाडी चालवली.

होळी होऊन गेली होती. ऊन तापायला लागलं होतं. एके दिवशी सकाळी गावाहून गोपालचा, त्याच्या चुलतभावाचा, फोन आला.

"दादा, काकांची तब्येत जास्त झालीय. निघ लगेच. पण सांभाळून चालव."

बारडोली, व्यारा, सोनगढ मागं पडलं. जयश्री शेजारी बसून दर थोड्या वेळानं फोन लावत होती. कुणी उचलत नव्हतं. नवापूर सोडून कोंडाईबारीचा घाट लागला आणि चढावर गाडीनं मान टाकली. आधी तापमानाचा काटा वर गेला, मग बॉनेटच्या फटीतून वाफ. गजेंद्रनं गाडी कडेला घेतली. सोबत आणलेल्या बाटल्या संपल्या. एका ट्रकवाल्यानं आपल्याजवळचं पाणी दिलं, तेही टाकीत ओतलं. थोडं चालली की पुन्हा तेच. शेवटी तो रस्त्याच्या मधे उभा राहून येणाऱ्या गाड्यांना हात करू लागला. कांदे उतरवून परत निघालेल्या एका पिकअपनं दोघांना घेतलं. गाडी तिथंच राहिली.

ते पोचले तेव्हा ऊन उतरलं होतं. अंगणात माणसं जमली होती. आबांना न्हाऊ घालून झालं होतं, कपाळाला बुक्का लावला होता. गजेंद्र उंबऱ्याशीच बसला. मालतीबाईनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "आत्तेच गया रे. तुन्हीच वाट देखत व्हता. शेवटलोंग दारकडेच डोया व्हता त्यान्हा."

शेवटपर्यंत दाराकडे डोळा. ते वाक्य गजेंद्रच्या मनात रुतलं. तेरावं झालं, तो सुरतला परतला, कामावर रुजू झाला, पण घास तोंडाशी नेला की त्याला ते दार दिसायचं आणि दाराकडे बघणारे आबा दिसायचे. आणि मग घाट. तो रस्त्यात हात करत उभा, आणि तिकडे बाप डोळे लावून बसलेला.

गाडी टो करून सुरतला आणली त्या दिवशी तो थेट मगनच्या गॅरेजवर गेला. गिऱ्हाइकं बसली होती. त्यानं कुणाचीही पर्वा केली नाही.

"बिनधास्त चालव म्हणाला होतास ना? तुझ्यामुळं माझा बाप माझी वाट बघत मेला!"

मगन हातातला पाना धरून उभा राहिला. गजेंद्र गाडी तिथून ओढून घेऊन गेला.

त्यानंतर त्यानं दुसऱ्या गॅरेजांना दाखवली. एकानं रेडिएटर बदलायला लावला. दुसऱ्यानं हेड गॅस्केट गेलं म्हणून इंजिन उघडायची तयारी केली. तपासलं तर गॅस्केट धड. कूलंट कमी होतच राहिलं. जयश्री म्हणाली, "विकून टाका. डोळ्यांसमोर नको ती."

"कुठून जातं ते कळल्याशिवाय नाही विकणार."

"कळून काय होणार आहे?"

सुट्टीच्या दिवशी तो खाली उतरायचा आणि जेवायला हाक मारली तरी वर यायचा नाही. लॅबमध्ये कापडाची पांढरी झाक तपासायला एक जांभळ्या उजेडाचा दिवा असतो; तो त्यानं साहेबांना विचारून घरी आणला. जांभळ्या उजेडात हिरवा चमकणारा रंग दुकानातून आणून कूलंटमध्ये मिसळला. गाडी रिंग रोडपर्यंत फिरवून आणायची, अंगावरून जाड चादर ओढून अंधार करायचा आणि दिव्याच्या उजेडात एकेक जोड, एकेक क्लिप बघायची. शेजारी गॅलरीतून बघायचे आणि आत जायचे. चादरीखालून तो बाहेर यायचा तेव्हा घामानं भिजलेला असायचा. हिरवं कुठंच चमकलं नाही.

नवरात्र सरत आलं होतं तेव्हा एका रविवारी मगन आपणहून सोसायटीत आला. हातात हत्यारांची पेटी. तो रंगाबद्दल कुणाकडून तरी ऐकून आला होता.

"बाहेर कुठंच चमकत नाही?" त्यानं विचारलं.

"नाही."

"मग ते बाहेर येतच नाहीये. आत जातंय आणि धुरातून उडून जातंय. एक जागा मी तेव्हा बघितली नव्हती, गजुभाई. बघायला पाहिजे होती."

गजेंद्र बाजूला सरकला. मगननं पेटी उघडली.

डिझेल इंजिनातला थोडा धूर पुन्हा इंजिनात फिरवतात, आणि त्याआधी तो थंड करायला एक छोटा लोखंडी डबा असतो, त्याला ईजीआर कूलर म्हणतात. त्याच्या आतल्या नळ्यांतून धूर जातो आणि नळ्यांभोवती कूलंट खेळतं. मगननं डब्याच्या तोंडाचा पाइप सोडवला. आत काजळी होती, पण कोरडी नव्हती. बोटाला चिखलासारखी लागली. गजेंद्रनं चादर ओढून दिवा आत धरला. काळ्या चिखलात हिरवट काहीतरी चमकलं.

मगननं डबा काढला, कूलंटचं एक तोंड बंद केलं, दुसऱ्याला हवेची नळी जोडली आणि पाण्यानं भरलेल्या टबात बुडवला. पाणी शांत राहिलं.

"थंड असताना चीर मिटते," मगन म्हणाला. "म्हणून तेव्हा काटा हलला नव्हता. गरम पाणी आण."

जयश्रीनं वरून उकळतं पातेलं आणून दिलं. टबातलं पाणी बदललं. थोडा वेळ काही झालं नाही. मग डब्याच्या धुराच्या तोंडातून बारीक बुडबुड्यांची एक ओळ निघाली आणि निघतच राहिली.

तेवढ्यात फाटकाशी रिक्षा थांबली. गोपाल मालतीबाईला घेऊन आला होता. तिच्या डोळ्यातला मोतीबिंदू सुरतला काढायचा ठरला होता. दोघं सामान घेऊन पार्किंगमध्येच आले. गजेंद्र टबापाशी उकिडवा बसला होता. त्यानं मान वर केली; डोळे लाल झाले होते.

"माय, सापडलं. हे बघ. एवढ्याशा चिरेनं मला घाटात अडकवलं. नाहीतर आबांची भेट झाली असती."

गोपाल पिशवी खाली ठेवता ठेवता थांबला.

"असं काय बोलतोस, दादा? मी फोन केला तेव्हा काका गेलेलेच होते ना."

"गोपाल, चूप ऱ्हाय," मालतीबाई म्हणाली.

गजेंद्र उठून उभा राहिला. "काय म्हणालास?"

गोपालनं एकदा काकूकडे, एकदा त्याच्याकडे पाहिलं. "मला वाटलं तुला नंतर सांगितलं असेल. तू गाडी चालवत येणार, डोळ्यांत पाणी घेऊन घाटात... म्हणून तब्येत जास्त आहे एवढंच बोललो. सगळे तसंच करतात, दादा. सकाळीच गेले होते ते. तुला विमान मिळालं असतं तरी भेट नव्हती."

टबातले बुडबुडे चालूच होते. मगननं हवेची नळी काढली. त्यानं पेटीत एकेक हत्यार ठेवलं, हात पुसले.

"नवा कूलर आला की बसवून देतो," तो म्हणाला.

"मगन," गजेंद्र म्हणाला, "त्या दिवशी मी तुला सगळ्यांसमोर बोललो. तुझा काही दोष नव्हता."

मगननं पेटी उचलली. "आणि आबा तेव्हा जिवंत असते, तर माझा दोष असता?" तो फाटकाकडे वळला. "मी कितीतरी वेळा विचार केला. चढावर गाडी तापणार हे मला कळायला पाहिजे होतं. आबा नव्हते म्हणून मी सुटलो, असं मला नाही वाटत."

तो गेला. गजेंद्रनं त्याला थांबवलं नाही.

वर आल्यावर मालतीबाई खिडकीपाशी बसली. गोपाल हातपाय धुवायला गेला तो बराच वेळ बाहेर आला नाही. जयश्रीनं ताटं घ्यायला सुरुवात केली, पण गजेंद्रचा चेहरा बघून स्वयंपाकघरातच थांबली.

"होळीपासून आज दिवाळी आली," गजेंद्र म्हणाला. "रोज ते दार बघतो मी. माझ्यामुळं आबा ताटकळले, असं रोज वाटतं मला. का बोललीस तसं?"

"तुले बरं वाटी म्हणीसन बोलनू."

"बरं?" त्याचा आवाज चढला. "ह्याच्यात बरं काय वाटायचं होतं?"

"बापनी आपली वाट देखी, असं कोनले नको वाटस?" ती म्हणाली. मग पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"खरं काय झालं ते सांग," गजेंद्र म्हणाला. "सगळं सांग."

तिनं सांगितलं ते थोडंसंच होतं. सकाळी आबा ओट्यावर खाटेवर बसले होते. तिनं चुलीवर चहा ठेवला होता. त्यांना ऐकू येत नसे म्हणून ती काही सांगायचं असलं की बाहेर जाऊन समोर उभी राहायची. चहा घेऊन गेली तेव्हा त्यांची मान खाली गेली होती. डुलकी लागली असेल म्हणून तिनं कप बाजूला ठेवला आणि खांद्याला हात लावला. त्यांनी कुणाचं नाव घेतलेलं तिला माहीत नव्हतं. दाराकडे पाठ होती त्यांची. हाक मारली असेल किंवा नसेल. चूल फुरफुरत होती, तिला काही ऐकू आलं नाही.

"मंग कोनले बलावं?" गजेंद्रनं तिच्याच बोलीत विचारलं.

"लगेच नही बलावं." तिनं खिडकीबाहेर पाहिलं. "बठनू त्यान्हाजोडे. बलावं असतं त मानसं उनी असती, उचली लई ग्या असता. तवलोंग तो मन्हाजोडे व्हता. चहा थंडा व्हई गया. मंग गोपालले हाक मारी."

चहा निवेपर्यंत ती एकटीच त्यांच्याजवळ बसून होती, हे तिनं आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. गोपाल मोरीच्या दाराशी ओले हात घेऊन उभा होता. त्यालाही ते नवीन होतं.

गजेंद्र बसून राहिला. आपण सुटलो असं त्याला वाटायला हवं होतं. बाप वाट बघत नव्हता, घाटातल्या त्या उभं राहण्यानं काहीच हुकलं नव्हतं. पण इतके महिने त्या दारात निदान आबा होते, त्याच्याकडे बघणारे. आता तेही नव्हते. पाठमोरा, मान खाली गेलेला एक म्हातारा माणूस तेवढा राहिला होता, आणि त्याच्या मनात शेवटी काय होतं ते कुणालाच कळणार नव्हतं.

तो आईशी त्यानंतर भांडला नाही, आणि तिला जवळही घेतलं नाही. डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं. दवाखान्यात तो तिचा हात धरून जिना चढवायचा, औषधाचे थेंब वेळेवर टाकायचा, पण बोलणं थेंब आणि पट्टीपुरतंच. मगननं कूलर बसवला. टाकीतली पातळी आता हलत नाही. दिवाळी झाल्यावर गाडी विकायची असं गजेंद्रनं ठरवलं.

पट्टी निघाली त्या दिवशी मालतीबाई घरात आली आणि सोफ्यावर झोपलेल्या गजेंद्रकडे बराच वेळ पाहत राहिली. मग जयश्रीला हळूच म्हणाली, "किती केस पिकना वो यान्हा. माले दिसंच नही."

गजेंद्र जागा होता. त्यानं डोळे उघडले नाहीत.