मुंबईच्या आधीची मुलाखत

माणूस खोटं बोलत असेल तर त्याच्या तोंडाकडं पाहायचं नाही, त्याच्या शेजारी बसलेल्याच्या तोंडाकडं पाहायचं. एस.टी.त तिकीट तपासनीस म्हणून माझी नोकरी झाली, तिथं मी एवढं शिकलो. लोक म्हणतात, दौलतराव संशयी आहे. आहेच. संशय घ्यायचाच मला पगार मिळत होता, रिटायर झालो म्हणून तो काही डेपोत जमा करून आलो नाही.

म्हणून माझ्या एकुलत्या एक पोरीनं, नीलिमानं, पस्तिशीत अमेरिकेतल्या माणसाशी लग्न केलं तेव्हा मी जावयाकडं पाहिलंच नाही. पोरीकडं पाहत राहिलो. ती माझ्याशी बोलताना भिंतीकडं बघायची.

जावयाचं नाव डॅनियल. ओहायो नावाच्या राज्यात लिफ्ट दुरुस्त करतो. आमच्या शेलूबाजारात लिफ्ट नाही, त्यामुळं त्याचं काम पारखायची सोय नव्हती. हिवाळ्यात वाशिमला रजिस्टर लग्न झालं, विहारात वंदना झाली, जेवणावळ झाली आणि तो परत गेला. आता नीलिमाला मुंबईला व्हिसाच्या मुलाखतीची तारीख मिळाली म्हणून तो पुन्हा आला होता. लग्न खरं आहे का फक्त कागदावरचं, हे तिथला साहेब ठरवणार. साहेबाला पटलं तर ती जाणार, नाही पटलं तर सगळं मुसळ केरात.

दोघं रोज ओसरीवर तयारी करायचे. पहिली भेट कशी झाली, आधी कुणी विचारलं, त्याला जेवणात काय आवडतं. नीलिमा धडाधडा उत्तरं द्यायची, शाळेत कविता म्हणायची तशी. पहिली भेट म्हणे इंटरनेटवरच्या ध्यान शिकणाऱ्यांच्या ग्रुपात झाली. त्याला बुद्धाची फार ओढ.

ही ओढ मी लग्नाच्या दिवशीच पाहिली होती. त्रिसरण संपायच्या आत जावईबापू विहारातल्या खांबाला टेकून घोरत होते.

तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच किडा. नीलिमा नर्स आहे, वाशिमच्या एका दवाखान्यात जाते. इथले किती पाहुणे तिला बघायला आले, पोहे खाल्ले, आणि हातात पगार किती पडतो ते विचारून गेले. कुणी तिला विचारलं नाही की बाई, तुला गाणं आवडतं का, तू रागावतेस कधी. आपल्या माणसांनी पगार पाहिला, तर या परक्यानं काय पाहिलं? स्वतःचं घर असलेला माणूस बायको शोधत एवढ्या लांब कशाला येतो? पोरगी तिकडं गेली आणि मोलकरीण झाली, तर मी इथून काय करणार होतो?

तारीख आठवड्यावर आली तेव्हा मी म्हणालो, आज मुंबईचा साहेब मीच. पुतण्या धम्मरत्न डॅनियलला चौकात दाढी करायला घेऊन गेला होता. मी टेबल ओढलं, चष्मा लावला, नीलिमाला समोर बसवलं. ती हसली. तिला वाटलं म्हातारा खेळतोय.

चोर प्रवाशाला तिकीट विचारलं की तो तयारच असतो. त्याला विचारायचं, बाबा, तू चढला तेव्हा बाहेर ऊन होतं का? मी तिला नवऱ्याबद्दल काहीच विचारलं नाही. त्याच्या घराचं विचारलं. व्हिडिओवर तिनं ते घर शंभरदा पाहिलं होतं. दार कोणत्या रंगाचं, चुलीपाशी खिडकी आहे का, अंगणात काय लावलंय. ती खुशीत सांगत गेली.

मग मी विचारलं, "सकायी उठल्यावर त्या घरात पह्यला आवाज कायचा येते?"

"घंटीचा," ती म्हणाली.

"कोन वाजोते घंटी?"

ती भिंतीकडं बघायला लागली.

डॅनियलची आई त्याच्या बहिणीकडं राहते असं तिनं मला सांगितलं होतं. तर ती तिथं राहत नव्हती. ती याच घरात, खालच्या खोलीत होती, रूथ नावाची, अर्धं अंग गेलेली. काही लागलं की घंटी वाजवायची.

माझं डोकं फिरलं. मी टेबलावर हात आपटला. म्हणालो, "म्हंजे फुकटची नर्स पाह्यजे होती त्याले. अन् तू मंगयसूत्र घालून ड्युटीवर चालली."

मग ती रडत रडत जे बोलली, ते मी आधी कधीच ऐकलं नव्हतं. लीलाबाई, माझी बायको, वारली त्याच्या आधी नीलिमा नागपूरला एका कंपनीत होती. तिथं नर्सा रात्रभर अमेरिकेतल्या म्हाताऱ्या माणसांना फोन करून विचारायच्या, गोळी घेतली का, साखर किती आली. रूथ त्यातलीच एक. आई गेली, नीलिमा नोकरी सोडून माझ्याजवळ शेलूबाजारला आली, तरी म्हातारी तिला फोन करत राहिली. कंपनीच्या नियमात ते बसत नव्हतं. पोरगा चिडला. रोज आईशी बोलणारी ही बाई पैसे लुबाडणारी असणार म्हणून एक दिवस त्यानंच फोन घेतला आणि नीलिमाला फैलावर घेतलं. हीच यांची पहिली भेट. नंतर माफी मागायला म्हणून त्यानं फोन केला, आणि मग तो करतच राहिला. लग्नाचं मात्र त्याच्या डोक्यात आईनं घातलं. म्हातारीनं मुलगी पसंत केली, पोरगा नंतर तयार झाला.

म्हणजे आपल्याकडं होतं तसंच. आपल्याकडं पोरी प्रेमविवाह लपवतात आणि घरच्यांनी जमवलं म्हणून सांगतात. हिनं जमवलेलं लपवलं आणि प्रेमाची गोष्ट रचली. का, तर साहेबाला प्रेमच लागतं, आणि बापाला म्हातारी चालणार नाही.

"तुले तो आवडते का?" मी विचारलं.

"आवडते," ती म्हणाली. या वेळी भिंतीकडं बघितलं नाही. पण मी एवढ्यावर सोडणारा माणूस नाही.

आपल्यात सोयरिक ठरायच्या आधी मुलीकडची माणसं घर पाहायला जातात. पाण्याचा माठ बघतात, सासू कशी बोलते ते बघतात. या लग्नात कुणीच गेलं नव्हतं. मी म्हणालो, मला आता घर पाहायचं आहे. डॅनियल दाढी करून, गालाला तुरटी लावून आला, तेव्हा नीलिमानं त्याला सगळं सांगितलं. बिचारा माझ्याकडं बघेना. त्यानं मुकाट्यानं फोन लावला. आपल्याकडं दिवेलागण झाली होती, तिकडं सकाळ.

पडद्यावर एक वाळलेली म्हातारी उशीला टेकून बसली होती. मागं एक पगारी बाई चादर घडी करत होती. मी जयभीम केला. तिनं चांगला हात उचलला.

मी नीलिमाला म्हणालो, "तिले इचार, तुले सून पाह्यजे का नर्स?"

नीलिमा इंग्रजीत काहीतरी लांबलचक बोलली. त्यात नर्स हा शब्द मला ऐकू आला नाही. मी एवढं इंग्रजी जाणतो. मी फोन हातातून घेतला आणि स्वतःच म्हणालो, "नर्स? नर्स?" आणि नीलिमाकडं बोट केलं.

म्हातारीला कळलं. डॅनियल मधेच बोलायला गेला, तिनं त्याला हातानं गप्प केलं.

"नर्स," ती म्हणाली. पुढचं ती हळूहळू बोलली आणि नीलिमा मान खाली घालून सांगत गेली. आधी नर्सच हवी होती. मला पडायची भीती वाटते, परक्या हातांत मरायची भीती वाटते. हिच्याशी बोलताना वाटत नव्हती. मग माझ्या पोराला ती आवडायला लागली, तेव्हा मला बरं वाटलं, पण ते नंतरचं. मी तुमच्याशी खोटं बोलणार नाही.

इतक्या वर्षांत मला तोंडावर खरं सांगणारी माणसं मोजकीच भेटली. माझा राग कुठं गेला ते कळलं नाही. मी नीलिमाला म्हणालो, "मुंबईले हेच सांग. ध्यानबिन काही सांगू नको. म्हातारीनं पसंत केली, अन् त्यानं तुले आधी चोर समजलं, असं सांग. कोनी पाठ करून असं सांगत नाही."

"व्हिसा नाही देल्ला तं?"

"तं नाही. पन खोटं बोलून घेतला तं जनमभर ते खोटंच सांभाळत बसशीन."

डॅनियलला तिनं ते सांगितलं. त्यानं मान हलवली आणि पहिल्यांदाच माझ्या डोळ्यांत पाहिलं.

मी फोन ठेवायला लागलो तर म्हातारी पुन्हा काही बोलली. नीलिमा सांगेना. मी म्हणालो, जेवढं बोलली तेवढं सांग.

"ते म्हनते, मी तुमच्या पोरीले घेऊन जाऊन राह्यली, मंग तुमाले कोन पाहीन?"

मला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मी स्वतःलाही विचारला नव्हता. साखरेची सुई सकाळी नीलिमा टोचते, माझे हात थरथरतात. संध्याकाळची भाकर तीच टाकते. इतके दिवस मी जावयाच्या घरात फुकटची नर्स शोधत होतो आणि माझ्या घरात ती माझ्याच शेजारी बसली होती.

नीलिमा माझ्याकडं बघत होती. मी जाऊ नको म्हटलं असतं तर ती राहिली असती, हे मला तिच्या तोंडावर दिसत होतं.

"सांग तिले," मी म्हणालो, "माहं मी करतो. माहं काही अडत नाही."

तिनं ते जसंच्या तसं सांगितलं, काही वगळलं नाही. म्हातारीनं फोन जवळ घेतला आणि मला नीट पाहून घेतलं. तिचा माझ्यावर काही विश्वास बसला नाही.