साठ झाडांचं कुंपण

नर्सरीत सगळे त्याला दादा म्हणायचे. बायको मात्र घरात ‘संशयराव’ म्हणायची, आणि तिला कुणी चूक ठरवलं नसतं. पाण्याचा पाइप कालच्यापेक्षा दोन वेटोळी कमी गुंडाळलेला दिसला, तरी हा माणूस चहा बाजूला ठेवून चौकशीला निघे. ‘भाजीत मीठ जास्त पडलं तरी तुम्हाला त्यात कट दिसतो,’ ती म्हणे. यात अतिशयोक्ती फारशी नव्हती. एकदा त्याने खरंच मिठाच्या बरणीवर पेन्सिलीने खूण केली होती.

त्याची नर्सरी खाडीपासून फार लांब नव्हती. तिथल्या खाऱ्या वाऱ्यात गुलाब वगैरे लाडावलेली मंडळी चार दिवसांत माना टाकत. टिकायचं ते एक झुडूप, शेवंती-सूर्यफुलाच्या कुळातलं. पुस्तकात त्याचं नाव बॅकरिस. रेताड जमीन द्या, आठ-आठ दिवस पाणी तोडा, वाऱ्यात उभं करा, ते आपलं हिरवंगार. नर्सरीतल्या लोकांनी पहिल्याच वर्षी त्याची ‘बकरी’ करून टाकली होती.

या झुडपाची एक खोड होती. त्यात नराचं झाड वेगळं आणि मादीचं वेगळं, आणि फुलं येईपर्यंत दोघांत काडीचा फरक दिसत नाही. थंडीच्या तोंडावर नराला पिवळट गोंडे येतात आणि गुपचूप गळून जातात. मादीला पांढऱ्या पिसांचे झुबके धरतात. दिसायला देखणे, पण वारा सुटला की ती पिसं खिडक्यांत, ताटांत, नाकातोंडात. म्हणून कुंपणाला गिऱ्हाईक नर मागायचं.

दादाच्या वडलांनी शेवटच्या आजारपणाआधी कुठूनसं एक रोप आणलं आणि गोदामामागे लावलं. ‘नर आहे, जपा,’ एवढंच ते म्हणाले. बारा वर्षं नर्सरीने त्या एकाच झाडाच्या फांद्या कापल्या, वाळूत रुजवल्या आणि विकल्या. एकाच झाडाची पिल्लं म्हटल्यावर सगळी नरच. ज्या झाडावरून कटिंग घेतात त्याला धंद्यात मदर प्लांट म्हणतात. आता नराला मदर कसं म्हणायचं? म्हणून सगळे त्याला बोकड म्हणत.

बोकडाची कटिंग घ्यायची ती भावोजींनी. भावोजी म्हणजे दादाच्या धाकट्या बहिणीचा, छोटीचा, नवरा, कमी बोलणारा, हाताचा हलका. थंडीच्या अडीच महिने आधी, कळ्या धरायच्या आत, ते दोन दिवस बोकडापाशी बसत आणि त्याला असं भादरत की शेंडा म्हणून शिल्लक राहत नसे. शंभर कटिंग लावली तर पंच्याण्णव जगत. प्रत्येक ट्रेवर चिठ्ठी मात्र दादा स्वतःच्या अक्षरात लिही: ‘नर. पिसं उडणार नाहीत.’ त्या चिठ्ठीवर त्याचा जीव होता.

मग एके दिवशी पॉलिशवाल्याचा फोन आला. खाडीच्या तोंडाशी त्याचा फर्निचर पॉलिश करायचा कारखाना होता. चार वर्षांपूर्वी वारा अडवायला त्याने साठ झाडांचं कुंपण नेलं होतं. इतर गिऱ्हाइकांसारखं तोही तीन वर्षं दाट व्हावं म्हणून थंडीआधी छाटत राहिला आणि यंदा उंची हवी म्हणून सोडून दिलं.

‘जरा येऊन बघा,’ तो म्हणाला. आवाज चढवला नाही, त्यामुळे दादा जास्तच घाबरला.

कारखान्याच्या मधोमध बारा माणसांचं जेवणाचं टेबल उभं होतं, नुकतंच लॅकर मारलेलं. त्यावर पांढरी पिसं चिकटली होती, टेबलाला मिशा फुटाव्यात तशी. बाजूला चार कपाटं, त्यांचीही तीच गत. दोन कारागीर चिमट्याने एकेक पीस उचलत होते आणि प्रत्येक पिसाखाली ओरखडा उठत होता.

‘तुम्ही लिहून दिलं होतंत,’ पॉलिशवाला एवढंच म्हणाला.

दादा कुंपणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेला. एकूण एक झाड पांढरं. आणि इथेच त्याचं डोकं त्याच्या नेहमीच्या रस्त्याला लागलं. चुकून मिसळ झाली असती तर पाच झाडं मादी निघाली असती, फार तर दहा. साठच्या साठ म्हणजे चूक नव्हे. साठच्या साठ म्हणजे कुणीतरी ठरवून केलेलं काम. हिशोब इतका चोख होता की दादाला स्वतःचंच कौतुक वाटलं.

आणि कटिंग घेणारा माणूस एकच होता.

त्या दिवसापासून तो भावोजींवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवू लागला. एकदा शोधायला बसलं की सापडायला काय तोटा? भावोजींच्या बुटांना रेती लागलेली असे, म्हणजे ते किनाऱ्यावर जात होते. किनाऱ्यावर तर रानटी बकऱ्यांचं रान माजलेलं, नर-मादी सगळा गोंधळ. म्हणजे मेहनत वाचवायला तिथल्याच फांद्या कापून आणल्या असणार. शिवाय पलीकडच्या नर्सरीचा मालक दोनदा त्यांच्याशी फाटकाबाहेर बोलताना दिसला. दादा जवळ गेला तसं बोलणं थांबलं.

‘काय म्हणत होता तो?’ दादाने विचारलं.

‘काही नाही, असंच.’

असंच! दादाच्या मनात पाल चुकचुकली. कुठंतरी पाणी मुरत होतं. त्याने चार वर्षांपूर्वीची कामाची वही काढली. कटिंगच्या आठवड्यात भावोजींची एक दिवसाची रजा होती. झालं, तोच तो किनाऱ्याचा दिवस.

‘त्या दिवशी छोटीला दवाखान्यात नेलं होतं त्यांनी,’ बायको म्हणाली. ‘मीच डबा नेला होता. विसरलात?’

‘दवाखाना सकाळी असतो,’ दादा म्हणाला. ‘दुपार मोकळीच होती.’

बायकोने हात जोडले आणि ती आत निघून गेली.

आठवड्याने त्याने भावोजींना कुंड्या भरायच्या ओट्यापाशी गाठलं. समोर बसवून नीट विचारावं असं ठरवून गेला होता, पण तोंड उघडलं आणि मनातलं सगळं एकदम बाहेर पडलं. किनारा, पलीकडचा मालक, रजेचा दिवस. ‘माझ्या वडलांचं झाड होतं ते. माझ्या अक्षरातली चिठ्ठी होती. तुम्हाला काय कमी केलं होतं मी?’

भावोजींचे हात मातीत होते. ते त्यांनी बाहेर काढलेच नाहीत.

‘मी दुसऱ्या कुठल्या झाडाला कधी कात्री लावली नाही, दादा.’

‘मग साठ माद्या आकाशातून पडल्या?’

‘ते मला माहीत नाही.’

‘माहीत नाही, की सांगता येत नाही?’

 भावोजींनी हात धुतले, टोपी घेतली आणि गेले. भांडले नाहीत, शपथा घेतल्या नाहीत. खरा माणूस असता तर भांडला असता, असं दादाने त्यातूनही काढलं.

संध्याकाळी बहिणीचा फोन आला. ‘दादा, तू त्यांना चोर म्हणालास?’

‘चोर हा शब्द मी वापरलेला नाही.’

‘बरं,’ ती म्हणाली आणि फोन ठेवला. त्यानंतर ती आली नाही. दर रविवारी वहिनीच्या स्वयंपाकघरात बसून दोघी हसून हसून डोळे पुसायच्या, ते बंद झालं. दोन महिन्यांनी कळलं की भावोजी पलीकडच्या नर्सरीत कामाला लागले. ‘बघितलंस?’ दादा बायकोला म्हणाला. आपलं खरं ठरलं म्हणून आनंद व्हायला हवा होता. तो झाला नाही, आणि का झाला नाही याचा त्याला रागही आला.

पॉलिशवाल्याचं कुंपण उपटून दुसऱ्या जातीची झाडं लावून दिली. बकरीचं नाव मात्र बाजारात खराब झालं आणि दादाने ती विकणंच सोडून दिलं. गोदामामागच्या बोकडाकडे मग कोण बघतो? कटिंगचे दिवस आले आणि गेले. त्याला कुणी भादरलं नाही. तो मुकाट वाढत राहिला, पुरुषभर झाला, पत्र्याला टेकला.

थंडीच्या तोंडावर एका सकाळी बायकोने गोदामामागून हाक मारली. तिने तिथे चादरी वाळत टाकल्या होत्या. ओल्या चादरींवर पांढरी पिसं बसली होती. मागे बोकड उभा, शेंड्यापासून बुंध्यापर्यंत पांढराशुभ्र.

दादाने काय करावं? त्याने फावडं आणलं. रातोरात कुणीतरी झाड बदललं, हा त्याचा पहिला विचार. गुडघ्यांवर बसून त्याने बुंध्याभोवतीची माती उकरली. माती दगडासारखी घट्ट होती. मुळं मनगटाएवढी जाड, गोदामाच्या पायाखाली गेलेली. बारा वर्षांत ते झाड तसूभर हललं नव्हतं.

‘काय शोधताय?’ बायकोने विचारलं.

 त्याच्या आत्ता लक्षात येत होतं की हे झाड फुललेलं त्याने कधी पाहिलंच नव्हतं. त्याने नाही, भावोजींनी नाही, कुणीच नाही. दर वर्षी कळ्या धरायच्या आत ते भादरलं जायचं. वडलांनीही ते बिनफुलाचंच आणलं होतं, कुणाच्या तरी शब्दावर. भावोजी होते तोवर त्यांची कात्री चुकली नाही, म्हणून फूल आलं नाही. त्यांना घालवलं, तेव्हा कुठे झाडाला बोलायला फुरसत मिळाली. साठच्या साठ मादी का, याचं उत्तर पहिल्या दिवसापासून त्या साठमध्येच होतं, आणि ती साठ त्याने स्वतःच मोजली होती.

त्याने एक फांदी मोडली आणि तसाच, मातीच्या गुडघ्यांनी, बहिणीच्या घरी गेला. वाटेत पिसं त्याच्या सदऱ्यावर बसत होती.

दार बहिणीनेच उघडलं. तिने फांदी पाहिली, त्याच्या गुडघ्यांकडे पाहिलं.

‘बोकड फुलला,’ तो म्हणाला. ‘मादी निघाली. पहिल्यापासून मादीच होती ती. भावोजींचा काही दोष नव्हता, छोटी. माझंच चुकलं.’

भावोजी आतून आले. कामावर निघायच्या तयारीत होते. त्यांनी फांदी हातात घेतली, झुबका बोटांनी उलगडला आणि त्यांच्या चेहऱ्यावर खरोखरच नवल उमटलं. बारा वर्षं जपलेलं झाड ते पहिल्यांदा फुललेलं पाहत होते.

‘आधी माती उकरलीत ना?’ त्यांनी विचारलं. ‘कुणी झाड बदललं का म्हणून?’

दादाने होकाराची मान हलवली. भावोजी जरासे हसले. त्या हसण्याने त्याला धीर आला.

‘चला माघारी,’ तो म्हणाला. ‘आजच चला. सगळ्यांसमोर माफी मागतो.’

‘तिकडचा मालक तीनदा बोलवायला आला होता,’ बहीण म्हणाली. ‘फाटकापाशीच. तीनदा हे नाही म्हणाले. तुला सांगितलंही नाही, तुझं डोकं फिरेल म्हणून. संध्याकाळी माझा हात धरून किनाऱ्यावर चालवत होते, डॉक्टरांनी चालायला सांगितलं म्हणून. तू त्यांच्या बुटांची रेती बघितलीस. मी कशी आहे, हे तुला कधी विचारावंसं वाटलं नाही.’

‘चुकलो म्हणालो ना, छोटी.’

‘झाड फुललं म्हणून म्हणालास.’ तिचा आवाज चढला नव्हता. ‘ते फुललं नसतं तर आला असतास?’

 हो म्हणणं दादाला सोपं होतं. पण दोघंही त्याला ओळखून होते, आणि आज पहिल्यांदाच तोही स्वतःला ओळखून होता.

‘नाही,’ तो म्हणाला.

बहिणीने मान डोलावली. भावोजींनी फांदी जपून त्याच्या हातात परत दिली, सायकल बाहेर काढली आणि पलीकडच्या नर्सरीच्या रस्त्याला लागले.