शकूच्या लग्नाचा चौक

माजिवड्यात सखुबाईसारखा लग्नाचा चौक कोणी लिहीत नसे. कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाची तिची रेघ दोरीनं आखल्यासारखी. आणि सरकारची दारूबंदी यायच्या कितीतरी आधी तिनं नवऱ्याची, काळुरामची, भट्टीची मडकी अंगणात फोडली होती. आपल्या घरात थेंब शिरत नाही, हे ती गावभर मिरवी.

नात शकूचं लग्न ठरलं आणि सखुबाईच्या बोटांचे सांधे सुजले. सकाळी मूठ वळेना. काळुरामनं खडवलीच्या वैदूकडून मुळी आणली, रोज स्वतःच्या हातानं काढा देऊ लागला. ओवा, सुंठ, गूळ, वर घसा जाळणारा कडवटपणा. मिशेरीनं तिचं नाक कधीचंच मेलेलं. म्हातारपणी याला माया फुटली म्हणून ती मनातून सुखावली. काढा पोटात गेला की ठणका निवे. मग कांडण काय, मिठाच्या पाट्या काय, सगळं ओढी. बोटं मात्र करंगळीकडे कलत चालली.

एका संध्याकाळी काढा पिऊनच ती सून हेमाबरोबर टेंभी नाक्यावर त्र्यंबक डॉक्टरांकडे गेली. त्यांनी हात पाहिला, तिच्या तोंडाचा वास आला तसं विचारलं, दारू कधीपासून घेता? सखुबाईनं त्यांना अशा काही शिव्या घातल्या की बाहेरचे रोगी आत डोकावले. मग तिनं हेमाकडे पाहिलं. हेमानं मान खाली घातली.

डॉक्टर म्हणाले, "बाई, रोग दारूनं आलेला नाही. पण दुखणं सांगत होतं, हाताला विसावा द्या. दारूनं त्याचं तोंड बांधलं, तुम्ही सुजल्या सांध्यांवर राबलात. वाकलं ते आता सरळ होणार नाही."

वाटेत हेमानं सांगितलं, सासरा काढ्यात दारू मिसळत होता. घरातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. म्हातारीच्या औषधाच्या नावाखाली घरामागे पुन्हा भट्टीही लागली होती.

काळुराम ओट्यावर बसला होता. "लग्नापर्यंत तुझा हात चालावा म्हणून दिली गो. इचारलं असतं तर घेतली असतीस?"

"नसती घेतली. म्हणूनच इचारायचं होतं."

लग्नाच्या आदल्या दिवशी तिनं काढ्याचा पेला अंगणात ओतला आणि दात आवळून चौक लिहिला. प्रत्येक रेघ करंगळीकडे झुकली. हेमा पुसायला पुढे झाली, तिला सखुबाईनं कोपरानं अडवलं.

"राहू दे. व्याह्यांनी इचारलं तर तुझ्या सासऱ्याकडं बोट दाखव. हा चौक त्यानं लिवलाय."